एका प्लायवुड शीटमधून पोकरचे टेबल: दोघांनी मिळून, बेताच्या खर्चात

पोकर कोणत्याही सपाट पृष्ठभागावर खेळता येतो, हे खरे असले तरी गुळगुळीत आणि कडक टेबलावर काही डाव खेळलेल्या प्रत्येकाला त्यातल्या अडचणी ठाऊक असतात. पत्ता टेबलाला चिकटल्यासारखा बसतो, त्याची कड नखाने उचलावी लागते आणि त्या खटपटीत तो शेजाऱ्याला दिसून जातो. वाटलेले पत्ते घसरत जाऊन टेबलाखाली पडतात आणि कठीण कडेवर टेकलेले हात तासाभरात दुखू लागतात. पोकरच्या खऱ्या टेबलात या सर्वांवर उपाय असतो: कापडाखालच्या पातळ फोमवर बोट किंचित दाबले की पत्त्याची कड आपोआप वर येते, कापडामुळे पत्ता हवा तिथे थांबतो आणि कडेच्या मऊ गादीवर, म्हणजे रेलवर, हात विसावतात. टेबलाचे बहुतेक सारे गुण असे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत सामावलेले असतात. म्हणून हाताशी पैसा थोडा असेल, तर तो कापड आणि फोम यांवर मोकळ्या हाताने खर्चावा आणि लाकूड, पाय व सजावट यांत काटकसर करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी आखणी त्याच हिशेबाने केलेली आहे.

आकाराची निवड

पोकरचे टेबल म्हटले की लांबट, दोन्ही टोकांना अर्धवर्तुळाकार असलेले, दहा जणांचे टेबल डोळ्यांपुढे येते. ते सुंदर दिसते यात शंका नाही. परंतु त्यासाठी ८ फूट × ४ फूट मापाच्या प्लायवुडच्या दोन पूर्ण शीट लागतात, गोलाई कापण्यात कौशल्य लागते आणि ते ठेवायला मोठी खोली लागते. मित्रमंडळींचा डाव बहुधा सहा ते आठ जणांचा असतो आणि तेवढ्यांसाठी अष्टकोनी टेबल पुरेसे होते. त्याचे सर्व काप सरळ असतात आणि संपूर्ण टेबल १८ मिलिमीटर जाडीच्या एकाच शीटमधून निघते. शीटचे मधोमध दोन चौरस करावेत. एका चौरसातून तळफळी तयार होते आणि दुसऱ्यातून रेल व खेळाची फळी, या दोन्ही गोष्टी निघतात.

बाजारातील शीट २४४० × १२२० मिलिमीटर मापाची असते. करवतीच्या जाडीमुळे जाणारा भाग आणि शीटच्या दुखावलेल्या कडा लक्षात घेऊन प्रत्येक चौरस १२१ सेंटिमीटरचा धरावा. त्यातून निघणाऱ्या अष्टकोनाची प्रत्येक बाजू सुमारे ५० सेंटिमीटर भरते. आठ जण बसले तर थोडी दाटी होते, सहा जण मात्र ऐसपैस बसतात. नेहमी आठाहून अधिक खेळाडू जमत असतील, तर या टेबलाचा हट्ट धरू नये. खोलीचाही अंदाज आधीच घ्यावा: खुर्ची मागे सरकवून उठता यावे, यासाठी टेबलाभोवती सर्व बाजूंनी सुमारे ९० सेंटिमीटर जागा मोकळी हवी, म्हणजे साधारण तीन मीटर लांब आणि तितकीच रुंद जागा लागते.

पाय न बनवता ही फळी घरातल्या टेबलावर ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. खर्च वाचतो, हे खरे. पण रेलसकट या फळीची जाडी सहा सेंटिमीटर होते आणि ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ती ठेवली की खांदे उचलून खेळावे लागते. घरातले टेबल मुळातच बुटके असेल, तरच हा मार्ग घ्यावा आणि तेव्हा फळीखाली न सरकणारी रबरी जाळी अंथरावी.

मित्राशी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

हे काम एकट्याने होत नाही असे नाही, परंतु दोघांनी केले तर ते निम्म्या कष्टात आणि अधिक सफाईने होते. शीट कापताना एकाने करवत चालवायची आणि दुसऱ्याने कापला जाणारा भाग खालून तोलून धरायचा. तसे न केल्यास तो भाग खाली लोंबतो, करवतीचे पाते चिमटीत अडकते आणि शेवटची काही इंच कड फाटते. कापड ताणतानाही दोन हात ओढण्यासाठी आणि दोन हात स्टेपल गनसाठी लागतात.

सामान आणण्यापूर्वी दोघांनी स्पष्टपणे ठरवून घ्यावे की खर्च कसा वाटायचा, टेबल कोणाच्या घरी राहणार आणि पुढे कोणी घर बदलले तर ते कोणाकडे जाणार. या गोष्टी मैत्रीत बोलायला अवघड वाटतात, म्हणूनच त्या पहिली शीट घेण्याआधी बोलाव्यात. माझ्या मते सर्वांत सोपी वाटणी अशी की, ज्याच्या घरी टेबल राहील त्याने लाकूड आणि पाय यांचा खर्च करावा, तर कापड, फोम आणि रेक्झिन यांचा खर्च दोघांनी समान वाटून घ्यावा.

खर्चाची खरी गळती मात्र अवजारांत होते. गोल पात्याची विजेची करवत, जिगसॉ (अरुंद, वरखाली चालणाऱ्या पात्याची विजेची करवत), ड्रिल, स्टेपल गन आणि चार-सहा क्लॅम्प ही सर्व अवजारे नवी घेतली, तर ती टेबलाहून महाग पडतात. ती ओळखीच्यांकडून उसनी आणावीत किंवा एक-दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावीत. शीटचे दोन चौरस तर शक्यतो विकत घेतानाच वखारीतून कापून आणावेत. तिथल्या मोठ्या करवतीवर काप अचूक येतो आणि अर्ध्या शीट घरी नेणेही सोपे जाते. डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि धुळीसाठी मास्क मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असावेत.

आखणी आणि कापणी

चौरसातून अष्टकोन काढण्याची एक जुनी आणि अचूक युक्ती आहे. चौरसाचे दोन कर्ण आखावेत, मध्यबिंदू मिळवावा आणि कोपऱ्यापासून मध्यबिंदूपर्यंतच्या अंतराएवढी दोरी घ्यावी. ती दोरी एकेका कोपऱ्यावर धरून तिच्या दुसऱ्या टोकाने लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा कराव्यात. चारही कोपऱ्यांवरून मिळणाऱ्या आठ खुणा हेच अष्टकोनाचे कोपरे होत. १२१ सेंटिमीटरच्या चौरसात प्रत्येक खूण जवळच्या कोपऱ्यापासून ३५.४ सेंटिमीटरवर पडली पाहिजे आणि आठही बाजू मोजल्यावर ५०.१ सेंटिमीटर भरल्या पाहिजेत. बाजू दोन-तीन मिलिमीटरनी कमीजास्त निघाल्या, तर पुढे जाऊ नये. चौरसच काटकोनात नाही असे समजून तो आधी गुण्याने, म्हणजे काटकोन मापायच्या अवजाराने, तपासावा.

दोन्ही चौरस एकावर एक ठेवून क्लॅम्पने घट्ट आवळावेत आणि चारही कोपरे एकाच वेळी कापावेत, म्हणजे दोन्ही अष्टकोन तंतोतंत सारखे येतात. रेषेवरून नुसत्या हाताने करवत चालवू नये. सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने बसवून तिच्या कडेने करवत ढकलावी. हातात धरायची गोल करवत आणि जिगसॉ या दोन्हींचे दात खालून वर येतात, त्यामुळे प्लायवुडच्या चिलप्या वरच्या बाजूला उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी, बारीक दातांचे पाते वापरावे आणि रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून मग कापावे.

आता एक अष्टकोन तळफळी म्हणून बाजूला ठेवावा आणि दुसऱ्यावर रेल आखावी. प्रत्येक बाजूपासून ११ सेंटिमीटर आत समांतर रेषा काढावी, म्हणजे आत ९९ सेंटिमीटर रुंदीचा लहान अष्टकोन तयार होतो. त्यानंतर समोरासमोरचे बाहेरचे कोपरे मध्यबिंदूतून जाणाऱ्या रेषांनी जोडावेत. या रेषांनी रेलचे आठ तुकडे पडतात. रेल अखंड ठेवण्याचीही पद्धत आहे, परंतु ती तुकड्यांत करण्याचा मी आग्रह धरतो. अखंड रेलला रेक्झिनचा मोठा, एकसंध तुकडा लागतो आणि त्यातला मधला भाग वाया जातो; शिवाय एखाद्या कोपऱ्यावर चुणी पडली, तर सगळेच उसवावे लागते. तुकड्यांच्या रेलमध्ये बिघडलेला एकच तुकडा पुन्हा करता येतो आणि पुढे एखाद्या ठिकाणचे रेक्झिन फाटले, तरी तेवढेच बदलता येते.

कापण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर आणि तळफळीच्या त्याच बाजूवर १ ते ८ असे आकडे न विसरता लिहावेत. आतल्या अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर १० मिलिमीटरचे छिद्र पाडून तिथून जिगसॉचे पाते घालावे, आतल्या बाजू कापाव्यात आणि मग तिरपे काप घ्यावेत. पाते थोडे वाकडे गेलेच, तर ते खेळाच्या फळीच्या बाजूला जावे, रेलच्या बाजूला नव्हे. कारण खेळाची फळी आपल्याला नंतर कापून लहान करायचीच आहे. रेलच्या आतल्या कडेवरून रेक्झिन आणि खेळाच्या फळीच्या कडेवरून कापड वळून जाते, त्या दोन्हींसाठी फट लागते. म्हणून खेळाच्या फळीच्या प्रत्येक बाजूने ६ मिलिमीटर कापून तिची रुंदी ९७.८ सेंटिमीटर करावी. त्याच कारणाने रेलच्या तुकड्यांची तिरपी टोकेही प्रत्येकी दोन मिलिमीटर घासून कमी करावीत, नाहीतर आठवा तुकडा बसतच नाही. शेवटी सर्व कडा आधी ८० आणि मग १२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासाव्यात.

पाय

पायांवर जास्त खर्च करू नये, पण ते डगमगता कामा नयेत. सात सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड पट्ट्यांची ७५ सेंटिमीटरची चौरस चौकट करावी आणि ती तळफळीखाली अशी फिरवून बसवावी की तिचे चार कोपरे अष्टकोनाच्या एकाआड एक कोपऱ्यांकडे तोंड करतील. चौकट टेबलाच्या बाजूंना समांतर बसवली, तर चार पाय नेमके चार खेळाडूंच्या गुडघ्यांपुढे येतात. चौकट पक्की करताना तळफळीच्या वरून ५० मिलिमीटरचे स्क्रू आधी बारीक छिद्रे पाडून मारावेत. त्यांची डोकी पृष्ठभागात बुडवली की ती पुढे रेल आणि खेळाच्या फळीखाली झाकली जातात. साडेचार सेंटिमीटर चौरस जाडीचे, ७० सेंटिमीटर लांबीचे पाय चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत उभे करून प्रत्येकाला ८ मिलिमीटर जाडीचे दोन बोल्ट वायसर आणि विंग नटसह (हाताने फिरवता येणाऱ्या, पंखांच्या नटसह) लावावेत. दोन बोल्ट दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतून आणि थोड्या वेगवेगळ्या उंचीवर जावेत, म्हणजे ते पायाच्या आत एकमेकांना अडत नाहीत. या मापांनी रेलची वरची कड जमिनीपासून सुमारे ७६ सेंटिमीटरवर येते आणि डाव संपल्यावर पाय सोडवून टेबल भिंतीलगत ठेवता येते.

फोम आणि कापड

कापडाच्या दुकानात गेल्यावर स्वस्त फेल्टचा मोह होतो. हस्तकलेसाठी मिळणारे ते पातळ फेल्ट या कामाला निरुपयोगी आहे: त्यावर लवकर गोळे धरतात, ते ताणले की पातळ होते आणि त्यावर सांडलेले पेय क्षणात आत झिरपते. पोकरसाठीच मिळणारे, ज्याला स्पीड क्लॉथ म्हणतात ते पाणीरोधक लेपाचे पॉलिस्टर कापड सर्वांत चांगले, कारण त्यावर पत्ता सहज सरकतो आणि पाण्याचा थेंब पुसून काढता येतो. ते परवडत नसेल, तर घट्ट विणीचे, बिनचकाकीचे, थोडे जाड पॉलिस्टर कापड शोधावे. दुकानात जाताना पत्त्यांचा जोड सोबत न्यावा आणि कापड सपाट पसरून त्यावर पत्ता टाकून पाहावा. पत्ता घसरून थोड्या अंतरावर थांबला पाहिजे, लोकरीवर पडल्यासारखा जागीच रुतता कामा नये. रंग एकच आणि गडद असावा. छापील नक्षीवर चिप्सचे, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्यांचे, रंग हरवतात आणि लाल कापडावर बदाम-चौकट वाचताना डोळ्यांना त्रास होतो; हिरवा किंवा गडद निळा रंग उत्तम. सर्व बाजूंनी वळवून स्टेपल करण्यासाठी ११५ सेंटिमीटरचा चौरस तुकडा लागतो, तेव्हा कापडाचा पन्हा विचारूनच माप सांगावे.

खेळाच्या फळीसाठी बंद पेशींचा, ५ ते ६ मिलिमीटर जाडीचा फोम घ्यावा. योगासनांसाठीची दाट चटई याच प्रकारची असते आणि स्वस्तात मिळते. मात्र तिची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर असल्याने दोन तुकडे जोडावे लागतात. जोडताना ते एकावर एक न चढवता कडेला कड भिडवून, मध्ये फट न ठेवता चिकटवावेत, कारण तिथली जराशी उंची कापडाखालून जाणवते. गादीचा जाड, मऊ फोम इथे वापरू नये. त्यावर चिप्सच्या उतरंडी कलतात. फोम फळीच्या कडेबरोबर कापावा आणि स्प्रेच्या गोंदाने चिकटवावा. हा गोंद ज्वालाग्राही असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ आग नसावी.

कापड मात्र फोमला चिकटवू नये. ते फक्त फळीच्या खालच्या बाजूला स्टेपल करावे, म्हणजे पुढे बदलता येते. कापड पालथे अंथरून त्यावर फळी फोमच्या बाजूने ठेवावी. एका बाजूच्या मध्यावर तीन-चार स्टेपल मारावेत, मग समोरच्या बाजूला जाऊन मित्राने कापड ओढून धरावे आणि तिथे मारावेत. त्यानंतर या दोन बाजूंना काटकोनात असलेल्या बाजूंची जोडी आणि मग उरलेल्या चार बाजू, हा क्रम पाळावा. प्रत्येक बाजूवर मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकावे. ओढ इतकीच हवी की सुरकुत्या जाव्यात. त्याहून जास्त ओढल्यास कडेचा फोम दबून फळी उताराची होते. कोपऱ्यावरील जास्तीचे कापड घडी न घालता कापून टाकावे आणि वर राहिलेले स्टेपल हातोडीने ठोकून सपाट करावेत.

रेलसाठी २५ मिलिमीटर जाडीचा, जास्त घनतेचा फोम लागतो. इथे कंजुषी केल्यास काही महिन्यांत फोम बसतो आणि हाताला खालचे लाकूड लागू लागते. तो तुकड्याच्या वरच्या बाजूवर चिकटवून बाहेरच्या कडेवरून खाली वळवावा, आतल्या कडेशी मात्र बरोबर कापावा. त्याची टोके फळीच्या तिरप्या कापाच्याच रेषेत धारदार सुरीने एका झटक्यात कापावीत. प्रत्येक तुकड्याला ६८ × ३० सेंटिमीटर रेक्झिन लागते. १३७ सेंटिमीटर पन्ह्यात एका ओळीत दोन तुकडे बसतात, म्हणजे सव्वा मीटर रेक्झिन पुरते. आधी आतली लांब बाजू खाली वळवून स्टेपल करावी, मग बाहेरची बाजू ताणावी आणि टोके सर्वांत शेवटी घ्यावीत. टोकांवरचे रेक्झिन एकाच थरात बसले पाहिजे, दुहेरी घडी तिथे चालत नाही. रेक्झिन ताठ वाटले, तर हेअर ड्रायरने किंचित गरम करावे. ते मऊ होते आणि कोपऱ्यावर नीट वळते.

पेयांचे ग्लास ठेवण्यासाठी रेलमध्ये भोके पाडण्याचा विचार मी तरी सोडून द्यायला सांगेन. त्या धातूच्या वाट्यांना साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाचे भोक लागते आणि ११ सेंटिमीटरच्या रेलमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक सेंटिमीटर लाकूड उरते. दोन खुर्च्यांच्या मध्ये एखादे लहान स्टूल ठेवले, तरी ती सोय होते आणि कापडही सुरक्षित राहते.

जोडणी

तळफळीच्या उघड्या कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्यावेत, म्हणजे दमट हवेत फळी वाकत नाही. वॉर्निश पूर्ण वाळल्यावर तळफळीच्या मध्याजवळ बोट जाईल एवढे, २५ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. त्याचा उपयोग पुढे येईल. मग रेलचे तुकडे आकड्यांनुसार मांडावेत. आठही तुकडे नुसते ठेवून, फटी सारख्या करून घेतल्याखेरीज एकही स्क्रू आवळू नये. मित्राने वरून तुकडा दाबून धरावा आणि दुसऱ्याने खालून प्रत्येकी चार स्क्रू मारावेत. स्क्रू ३० मिलिमीटर लांबीचेच घ्यावेत: दोन्ही फळ्यांची मिळून जाडी ३६ मिलिमीटर होते, त्यामुळे टोक वर फोममध्ये घुसत नाही. खेळाची फळी रेलच्या आत अलगद उतरली पाहिजे. ती जोर लावून ठोकावी लागत असेल, तर अडणारी कड शोधून तिथले स्टेपल आणि कापडाची घडी तपासावी. ती बसली की खालून चार स्क्रूंनी पक्की करावी.

कापड रोजच्या खेळात मळते आणि दर थोड्या दिवसांनी ओल्या, चांगल्या पिळलेल्या फडक्याने पुसले तर बराच काळ टिकते. ते बदलायची वेळ आली की खालचे चार स्क्रू काढावेत, मधल्या छिद्रातून बोटाने फळी वर ढकलावी, स्टेपल उपटावेत आणि निघालेले जुने कापड नव्या कापडावर पसरून त्याच मापाने कापावे.